२२ जानेवारी १८९८चे खग्रास सूर्यग्रहण आणि महाराष्ट्रातील ग्रहणमोहिमा

२२ जानेवारी १८९८ रोजी झालेले खग्रास सूर्यग्रहण हे आधुनिक खगोलशास्त्राच्या इतिहासात महाराष्ट्राला स्थान मिळवून देणारे ग्रहण होय. या दिवशी चंद्राची गडद छाया आफ्रिका व अरबी समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्यावर आली आणि दख्खन, मराठवाडा, विदर्भ, मध्य भारत व बिहारवरून हिमालयापलीकडे गेली. केवळ दोन मिनिटांच्या आसपास टिकणारी ही खग्रास स्थिती पाहण्यासाठी ब्रिटन, अमेरिका आणि जपान येथील अभ्यासकांची पथके महिनाभराचा सागरी प्रवास करून भारतात आली होती. त्यांपैकी काही पथके सरकारी वेधशाळांची होती, तर एक हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेने सभासदांसाठी आखलेली अभ्याससहल होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, अमरावती जिल्ह्यातील तळणी, वर्धा जिल्ह्यातील पुलगाव आणि नागपूरजवळील घोगली ही महाराष्ट्रातील प्रमुख निरीक्षणस्थळे होती.

विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम या मूलद्रव्याचा शोध लागला, असे महाराष्ट्रात सर्रास सांगितले जाते. ही समजूत १८६८ आणि १८९८ या दोन वेगवेगळ्या ग्रहणांची सरमिसळ झाल्याने रूढ झाली आहे. तिचा स्वतंत्र विचार पुढे केला आहे.

ग्रहणासाठी प्रवास का करावा लागतो

सूर्यग्रहण अमावास्येलाच होते. परंतु चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे प्रत्येक अमावास्येला ते होत नाही. ग्रहण झाले तरी खग्रास स्थिती पृथ्वीवरील एका अरुंद पट्ट्यातच दिसते. पट्ट्याबाहेर सर्वत्र ग्रहण खंडग्रास असते. एकाच गावी खग्रास ग्रहण पुन्हा दिसण्यास सरासरी पावणेचारशे वर्षे लागतात, असे गणित आहे. त्यामुळे ज्याला खग्रास ग्रहण पाहायचे आहे त्याने छायेच्या वाटेवर जाऊन उभे राहावे, हाच एक मार्ग उरतो.

खंडग्रास आणि खग्रास यांतील फरक केवळ प्रमाणाचा नाही. सूर्याचे बिंब नव्व्याण्णव टक्के झाकले गेले तरी उरलेल्या एका टक्क्याच्या तेजाने सूर्याभोवतीचा किरीट, म्हणजेच करोना, दिसू शकत नाही. बिंब पूर्ण झाकले जाताच मोत्यासारख्या रंगाचा किरीट उजळतो, बिंबाच्या कडेला तांबूस वर्णगोल आणि ज्वालांसारखी तेजःशृंगे दिसतात, दिवसा ग्रह व ठळक तारे प्रकटतात. एकोणिसाव्या शतकात किरीटाचा अभ्यास करण्याचा दुसरा कोणताही उपाय नव्हता. ग्रहणाविना किरीट पाहता येईल असे उपकरण फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार ल्यो यांनी १९३०च्या सुमारास तयार केले. तोपर्यंत एखाद्या संशोधकाला आयुष्यभरात किरीट पाहण्यास मिळणारा एकूण वेळ मिनिटांतच मोजावा लागे, आणि त्यातही ढग आडवे आले तर सारा खटाटोप वाया जाई.

ग्रहणाचे स्वरूप

हे ग्रहण शके १८१९च्या पौष अमावास्येला, शनिवारी, झाले. छायेचा मध्यरेषेवरील सर्वाधिक काळ २ मिनिटे २१ सेकंद होता. भारतात तो दोन मिनिटांच्या जवळपास राहिला. छायेचा पट्टा शंभर किलोमीटरांहून कमी रुंद होता. महाराष्ट्रात खग्रास स्थिती मध्यान्हाच्या सुमारास आली, म्हणजे सूर्य आकाशात पुरेसा उंच होता आणि क्षितिजावरील धूलिकणांचा अडथळा नव्हता. जानेवारी महिना असल्याने आकाश निरभ्र असण्याची शक्यता मोठी होती, आणि प्रत्यक्षातही भारतातील सर्व प्रमुख ठाण्यांवर हवामान उत्तम राहिले. ग्रहणमोहिमांच्या इतिहासात असे भाग्य फार थोड्या वेळा लाभले आहे.

रेल्वे आणि छायेचा मार्ग

नकाशावर या ग्रहणाची ठाणी मांडली असता एक गोष्ट चटकन लक्षात येते. विजयदुर्ग हे बंदर असल्याने तेथे जहाजाने पोहोचता येत होते. जेऊर हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पुणे–सोलापूर मार्गावरील स्थानक. तळणी व पुलगाव ही त्याच कंपनीच्या भुसावळ–नागपूर मार्गावरील लगतची स्थानके. पुढे मध्य भारतातील शहडोल आणि बिहारमधील बक्सर व डुमराव हीदेखील लोहमार्गावरचीच गावे. छायेचा पट्टा आणि लोहमार्ग जेथे एकमेकांना छेदत होते, तेथेच तंबू ठोकले गेले.

यातून मराठवाड्याच्या वाट्याला आलेले मौनही उलगडते. जेऊर आणि तळणी यांच्या दरम्यान छायेचा पट्टा तत्कालीन निजामाच्या राज्यातील मराठवाड्यावरून गेला; परंतु या भागात त्या वेळी लोहमार्ग नव्हता. मनमाड–औरंगाबाद–हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील मार्ग १९००च्या सुमारास, म्हणजे ग्रहणानंतर दोन-तीन वर्षांनी, सुरू झाला. काचेच्या शेकडो छायाचित्रण-पट्ट्या, भिंगे, आरसे, घड्याळे आणि लोखंडी आधार यांनी भरलेल्या पेट्या बैलगाड्यांतून खडबडीत वाटेने दूरवर नेण्याचा धोका कोणताही निरीक्षक पत्करण्यास तयार होणे कठीण होते. औरंगाबाद शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, स्वतः पट्ट्याच्या उत्तरेला राहिले. तेथे सूर्यबिंबाचा बहुतांश भाग झाकला गेला, पण ग्रहण खंडग्रासच होते.

काळाची पार्श्वभूमी

परदेशी पथके भारतात आली तो काळ महाराष्ट्राच्या दृष्टीने अत्यंत कठीण होता. १८९६–९७च्या दुष्काळाने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत होरपळले होते. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला आणि पुढे पुण्यासह अनेक गावांत पसरला. १८९७मध्ये साथरोग कायदा झाला. प्लेग-प्रतिबंधाच्या जाचक अंमलबजावणीमुळे निर्माण झालेल्या क्षोभातून २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. ग्रहणाच्या वेळी या घटनेला जेमतेम सात महिने झाले होते. ग्रहणपथके मुंबई बंदरात उतरून याच प्रदेशातून प्रवास करीत होती. या मोहिमांचे वर्णन वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा त्या एखाद्या निवांत पर्यटनासारख्या भासतात.

मराठी वाचकवर्ग या विषयाला अगदीच अपरिचित होता असेही नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ १८९६मध्येच प्रसिद्ध झाला होता. दीक्षित मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे. ग्रहणगणिताची परंपरा आणि आधुनिक वेध यांची सांगड घालणारा हा विद्वान ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८९८मध्ये, निवर्तला.

ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची सहल

ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही संस्था १८९०मध्ये स्थापन झाली. लंडनची रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ही प्रतिष्ठित संस्था त्या काळी स्त्रियांना सभासदत्व देत नव्हती, आणि तिचे कामकाज सामान्य हौशी निरीक्षकाला जड जाई. नव्या संस्थेने आरंभापासून स्त्रियांना प्रवेश दिला आणि छोट्या दुर्बिणीने काम करणाऱ्यांना एकत्र आणले. ग्रहण पाहण्यासाठी सभासदांची सामुदायिक परदेश सहल काढण्याची कल्पना या संस्थेने लवकरच उचलून धरली. ९ ऑगस्ट १८९६च्या ग्रहणासाठी तिचे सभासद नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळील वाड्सो येथे गेले. परंतु ऐन वेळी ढगांनी सूर्य झाकला आणि सारे जण काहीही न पाहता परतले. दीडच वर्षात तीच मंडळी त्याहून कितीतरी लांबच्या प्रवासाला निघाली, ही बाब त्यांच्या चिकाटीची साक्ष देते.

भारतात या संस्थेचे सभासद प्रामुख्याने दोन ठिकाणी विभागले गेले. एक गट विदर्भातील तळणी येथे आणि दुसरा गंगाकाठच्या बक्सर येथे.

तळणीच्या गटात ग्रिनिच वेधशाळेतील एडवर्ड वॉल्टर मॉन्डर, त्यांच्या पत्नी अ‍ॅनी मॉन्डर आणि जॉन एव्हरशेड हे होते. अ‍ॅनी मॉन्डर या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या होत्या. १८९१मध्ये त्या ग्रिनिच वेधशाळेत गणक म्हणून अल्प वेतनावर रुजू झाल्या आणि सौरडागांचे मोजमाप करू लागल्या. १८९५मध्ये विवाह होताच त्यांना ती नोकरी सोडावी लागली, कारण विवाहित स्त्रीने सरकारी सेवेत राहू नये असा त्या काळचा नियम होता. तळणीला त्या कोणत्याही पदाविना, एका हौशी संस्थेच्या सभासद म्हणून आल्या होत्या. त्यांच्याजवळ गर्टन कॉलेजच्या अनुदानातून घेतलेला, सुमारे दीड इंच व्यासाच्या भिंगाचा छोटा कॅमेरा होता. मोठ्या वेधशाळांचे लक्ष किरीटाच्या आतल्या भागाचे ठसठशीत चित्र मिळवण्याकडे होते, तर अ‍ॅनी यांनी लहान पण विस्तृत क्षेत्र टिपणारे भिंग निवडून बाहेरच्या अंधूक भागाकडे लक्ष दिले. त्यांच्या छायाचित्रात किरीटाचा एक किरण तोपर्यंत कोणत्याही छायाचित्रात दिसला नव्हता इतका दूरवर पसरलेला आढळला. १८९८च्या निरीक्षणांपैकी हे सर्वांत स्वस्तातले आणि तरीही सर्वाधिक लक्षात राहिलेले ठरले. पुढे १९१६मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना सभासदत्व खुले केले, तेव्हा प्रथम निवडल्या गेलेल्यांत अ‍ॅनी मॉन्डर होत्या. सौरडागांच्या अक्षांशांचा कालानुरूप बदल दाखवणारी, फुलपाखराच्या पंखांसारखी दिसणारी प्रसिद्ध आकृती १९०४मध्ये या दांपत्यानेच तयार केली.

जॉन एव्हरशेड त्या वेळी पोटापाण्यासाठी खासगी व्यवसायात नोकरी करणारे हौशी निरीक्षक होते. त्यांनी तळणी येथे वर्णगोलाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाताना किंवा उघडताना क्षणभर काळ्या रेषांच्या जागी तेजस्वी रेषा उमटतात. या क्षणिक वर्णपटाला फ्लॅश वर्णपट म्हणतात. एव्हरशेड यांच्या पट्ट्यांवर हायड्रोजनच्या रेषांच्या मालिकेपलीकडे, जंबुपार भागात, अखंड प्रकाशाचा पट्टाही उमटला होता. भारताशी त्यांचा संबंध येथेच संपला नाही. १९०७मध्ये ते कोडाईकनाल येथील सौर वेधशाळेत दाखल झाले, पुढे तिचे संचालक झाले, आणि १९०९मध्ये सौरडागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहत असल्याचा शोध त्यांनी तेथेच लावला. तो आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. वऱ्हाडातील एका आडस्थानकावर दोन मिनिटे सूर्य पाहण्यास आलेला हौशी माणूस नऊ वर्षांनी भारतातील अग्रगण्य सौर वेधशाळेत रुजू झाला, ही या सहलीची अनपेक्षित फलश्रुती म्हणावी लागेल.

बक्सर येथील गटाचे नेतृत्व धर्मोपदेशक व बलूनविहारी जॉन मॅकेंझी बेकन यांच्याकडे होते. त्यांची कन्या गर्ट्रूड बेकनही सोबत होती. याच गटात लंडनचे जादूगार नेव्हिल मॅस्केलिन होते. त्यांनी चलच्चित्र कॅमेऱ्याने ग्रहणाचे चित्रण केले. चलच्चित्राचा शोध लागून जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती, त्यामुळे हा प्रयत्न धाडसी होता. दुर्दैवाने परतीच्या प्रवासात ती फीत चोरीस गेली. मॅस्केलिन यांनी २८ मे १९०० रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात पुन्हा चित्रण केले. ते मात्र टिकले आणि २०१९मध्ये त्याचे पुनरुज्जीवन करण्यात आले.

या सहलीचा सविस्तर वृत्तांत मॉन्डर यांच्या संपादनाखाली १८९९मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. सभासदांनी सहलीहून आल्यावर एकत्रित अहवाल छापण्याची ही शिस्त अनुकरणीय होती. हौशी मंडळींची निरीक्षणे पुढील पिढ्यांना उपलब्ध राहिली ती त्यामुळेच.

जेऊर

करमाळा तालुक्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांचे पथक उतरले होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ याही सोबत होत्या. या पथकाचा खर्च कॅलिफोर्नियातील क्रॉकर कुटुंबाच्या देणगीतून झाला. कॅम्पबेल यांच्याकडील मुख्य कॅमेरा चाळीस फूट लांबीचा होता. असा कॅमेरा सूर्याच्या मागोमाग फिरवणे अशक्य असल्याने तो एकाच दिशेला स्थिर रोखून छायाचित्रणाची पट्टी सूर्याच्या गतीनुसार सरकवावी लागे. त्यासाठी ग्रहणाच्या क्षणी सूर्य आकाशात नेमका कोठे असेल याचे गणित आधी करून त्यानुसार बांधकाम करावे लागे. दोन मिनिटांच्या कामासाठी कित्येक आठवड्यांची तयारी लागत असे, ती अशा कारणांमुळे.

जेऊरचे दुसरे पथक पुण्याचे होते, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख होते. भावनगर संस्थानच्या देणगीतून १८८८मध्ये स्थापन झालेल्या या वेधशाळेत वीस इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण होती आणि ती त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांनी जेऊर येथे किरीट व वर्णगोलाच्या वर्णपटांची छायाचित्रे घेतली आणि १९०२मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली, भारतीय वेधशाळेने, परदेशी पथकांच्या बरोबरीने केलेले हे निरीक्षण होते. तरीही १८९८च्या ग्रहणाच्या लोकप्रिय कथनात लॉकियर यांचे नाव सर्वत्र आढळते आणि नायगमवाला यांचे क्वचितच. ही वेधशाळा १९१२मध्ये बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला हलवली गेली.

विजयदुर्ग

विजयदुर्गावरील पथकाचे प्रमुख सर नॉर्मन लॉकियर होते. ‘नेचर’ या साप्ताहिकाचे संस्थापक आणि सौर वर्णपटाचे अधिकारी अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती होती. आदल्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. त्यांच्यासोबत त्यांचे पुत्र विल्यम लॉकियर आणि सहकारी आल्फ्रेड फाउलर होते. ब्रिटिश नौदलाच्या ‘मेल्पोमेनी’ या जहाजावरील अधिकारी व खलाशी मोठ्या संख्येने त्यांच्या मदतीला देण्यात आले. लॉकियर यांनी त्यांना आधी काही दिवस शिकवले व कवायतीप्रमाणे सराव करून घेतला. कोणी किरीटाची चित्रे काढायची, कोणी दिसणारे तारे टिपायचे, कोणी सेकंद मोजून पुकारायचे, असे काम वाटून दिले होते. वेधशाळेचा अनुभव नसलेल्या माणसांकडून अल्पावधीत शिस्तबद्ध निरीक्षण करून घेण्याचा हा प्रयोग शिक्षणाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

उपकरणे स्थिर ठेवण्यासाठी किल्ल्यावर दगडी चौथरे बांधण्यात आले. त्यांचे अवशेष आजही दाखवले जातात आणि स्थानिक लोक त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. दगड घडवणारे हात येथलेच असले, तरी नाव साहेबाचे राहिले, हे त्या काळाला धरूनच आहे.

याखेरीज पुलगाव येथे केंब्रिजचे ह्यू न्यूऑल व कॅप्टन हिल्स, घोगली येथे स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलँड, तर शहडोल येथे इंग्लंडचे राजज्योतिषी विल्यम क्रिस्टी व ऑक्सफर्डचे हर्बर्ट टर्नर यांनी निरीक्षण केले. डुमराव येथे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे जेझुइट अध्यापक होते. जपानहून हिसाशी तेराओ यांचे पथकही भारतात आले होते.

हेलियमच्या शोधाविषयीची समजूत

१८ ऑगस्ट १८६८ रोजीही एक खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले होते. त्याचा पट्टा पुष्कळ रुंद होता आणि तो दक्षिण कोकण, जमखंडी, विजापूर यांवरून आंध्रातील गुंटूर व मच्छलीपट्टणकडे गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर जान्सेन यांनी गुंटूर येथून तेजःशृंगांचा वर्णपट पाहिला. त्यातील रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहणाविनाही त्या दिसतील असे त्यांना वाटले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते सिद्ध केले. त्याच ग्रहणात जमखंडी येथून लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ढगांच्या फटींतून तेजःशृंगांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. जमखंडी हे तेव्हा पटवर्धनांचे मराठी संस्थान होते. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे.

नॉर्मन लॉकियर ऑगस्ट १८६८मध्ये भारतात नव्हतेच. ते इंग्लंडमध्ये युद्धखात्याच्या कचेरीत नोकरी करीत होते. ग्रहणाविना तेजःशृंगांचा वर्णपट पाहण्याची कल्पना त्यांना स्वतंत्रपणे सुचली होती. परंतु त्यासाठी लागणारा वर्णपटदर्शक त्यांच्या हाती ऑक्टोबरमध्ये आला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडमधूनच हे निरीक्षण यशस्वी केले. जान्सेन आणि लॉकियर यांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे एकाच सुमारास पोहोचली आणि अकादमीने पुढे दोघांच्याही मुखाकृती असलेले पदक काढले. वर्णपटातील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळ असूनही त्यांच्याशी जुळत नव्हती. ती एका अज्ञात मूलद्रव्याची असावी असे मत लॉकियर यांनी मांडले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅम्झी यांना १८९५मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून मिळाला.

लॉकियर भारतात ग्रहणासाठी प्रथम आले ते १२ डिसेंबर १८७१च्या ग्रहणाच्या वेळी. त्या वेळी त्यांचे ठाणे उत्तर केरळमधील बेकल किल्ल्यावर होते. विजयदुर्गावर ते आले १८९८मध्ये, म्हणजे हेलियमची रेषा ओळखली गेल्यानंतर तीस वर्षांनी आणि हेलियम प्रयोगशाळेत मिळाल्यानंतर तीन वर्षांनी.

गोंधळ होण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. विजयदुर्गाचा परिसर १८६८ आणि १८९८ या दोन्ही ग्रहणांच्या पट्ट्यांत होता, आणि तीस वर्षांत दोनदा असे घडणे दुर्मीळच. दोन्हींशी लॉकियर यांचे नाव निगडित आहे. शिवाय डोळ्यांना दिसणारे चौथरे किल्ल्यावर आहेत. अलीकडच्या वर्षांत १८ ऑगस्ट हा दिवस विजयदुर्गावर हेलियम दिन म्हणून साजरा होतो, त्यामुळे जुने ग्रहण आणि नवे चौथरे यांची जोडी लोकमानसात पक्की झाली. कोकणात ऑगस्ट महिन्यात धो-धो पाऊस असतो, एवढी एक गोष्ट आठवली तरी त्या तारखेला किल्ल्यावरून सूर्याचे सूक्ष्म वेध घेण्याची योजना कोणी आखेल का, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडायला हवा. शालेय प्रकल्पांत आणि पर्यटन पुस्तिकांत ‘विजयदुर्ग : हेलियमचे जन्मस्थान’ असे लिहिण्याऐवजी ‘१८९८च्या ग्रहणाचे निरीक्षणस्थळ’ असे लिहिणे तथ्याला धरून होईल. त्यात किल्ल्याचा कमीपणा नाही. वर्णगोलाच्या ज्या छायाचित्रांत हेलियमच्या रेषा स्पष्ट उमटतात, तशी उत्तम छायाचित्रे त्या वर्षी विजयदुर्गावर घेतली गेली.

वैज्ञानिक फलित

१८९८च्या निरीक्षणांचे सर्वांत ठोस फलित किरीटाच्या हिरव्या रेषेसंबंधी आहे. १८६९च्या ग्रहणात आढळलेली ही रेषा तोपर्यंत लोहाच्या एका परिचित रेषेशी जुळते असे मानले जाई. १८९८च्या छायाचित्रांवरून तिची तरंगलांबी ५३०३ अँगस्ट्रॉमच्या जवळ, म्हणजे त्या रेषेपेक्षा निराळी, असल्याचे निश्चित झाले. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ या कल्पित मूलद्रव्याची चर्चा कित्येक दशके चालू राहिली. हेलियमचा दाखला समोर असल्याने ही अपेक्षा अवाजवी नव्हती. १९४०च्या सुमारास वॉल्टर ग्रोट्रियान व बेंग्ट एडलेन यांच्या कार्यातून हे कोडे सुटले. ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची निघाली. लोहाची अशी अवस्था होण्यास दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस असताना त्याबाहेरचा किरीट इतका तप्त कसा, हा प्रश्न तेव्हापासून सौरभौतिकीत ठाण मांडून आहे. भारताच्या ‘आदित्य एल-१’ या यानावरील किरीटलेखक याच हिरव्या रेषेचे निरीक्षण करतो. हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झाले.

नंतरच्या ग्रहणसहली

पुढे प्रवासाची दिशा बदलली. १६ फेब्रुवारी १९८०च्या ग्रहणाचा पट्टा कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून हुबळी, रायचूरमार्गे ओडिशाकडे गेला, २४ ऑक्टोबर १९९५चा राजस्थान व उत्तर प्रदेशातून बंगालकडे, ११ ऑगस्ट १९९९चा गुजरातवरून. २२ जुलै २००९च्या ग्रहणात सुरत परिसरात पावसाळी ढगांनी अनेकांची निराशा केली. १९९९ आणि २००९ या दोन्ही वेळी पावसाळ्याचा जो अनुभव आला, त्यावरून १८९८च्या पथकांना लाभलेल्या जानेवारीचे मोल कळते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८०च्या दशकापासून आकाशनिरीक्षणाची गोडी लावत आले आहेत. छत्रपती संभाजीनगरात महात्मा गांधी मिशनचे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे खगोल व अंतराळ विज्ञान केंद्र ग्रहणांच्या वेळी विद्यार्थ्यांसाठी निरीक्षणाची सोय करते.

भारतातून दिसणारे यापुढचे खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी असून त्याचा पट्टा काश्मीर–लडाख भागातून जाईल. त्याआधी २ ऑगस्ट २०२७चे ग्रहण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून दिसेल; इजिप्तमधील लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकणार असल्याने परदेश सहलींचा ओढा तिकडे आहे. खग्रास स्थितीचा अल्प काळ सोडता सूर्याकडे प्रमाणित ग्रहणचष्म्याशिवाय पाहू नये. काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म किंवा पाण्यातील प्रतिबिंब ही साधने सुरक्षित नाहीत.

ग्रहणे सुमारे १८ वर्षे ११ दिवसांच्या अंतराने जवळपास तशाच स्वरूपात पुन्हा होतात. या आवर्तनाला सारोस म्हणतात. १८९८चे ग्रहण ज्या मालिकेतील होते, तिला १३९ हा क्रमांक आहे. त्याच मालिकेतील ग्रहणे नंतर १९१६, १९३४, १९५२, १९७०, १९८८ आणि २००६ साली झाली. ८ एप्रिल २०२४ रोजी मेक्सिको, अमेरिका व कॅनडातून कोट्यवधी लोकांनी पाहिलेले ग्रहण हे याच मालिकेतील. त्याचा सर्वाधिक काळ मात्र ४ मिनिटे २८ सेकंद, म्हणजे १८९८च्या जवळजवळ दुप्पट, होता. मालिकेतील पुढचे ग्रहण २० एप्रिल २०४२ रोजी आग्नेय आशियातून दिसेल.